तास सुरू झाला की नेट का जायचं? सांगलीतल्या एका जुन्या लॅपटॉपचं प्रकरण

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. बाबांना घेऊन मी सांगलीला आत्याकडे गेले होते. ओवाळून झालं, ताटं उचलली आणि आत्याने लॅपटॉप माझ्या पुढ्यात आणून ठेवला. म्हणाली, "दुकानवाले म्हणतात, जुना झालाय, नवा घ्या. तू एकदा बघ. तू म्हणालीस तर घेते."

मी पुण्यात नेटवर्कचंच काम करते. तरी या लॅपटॉपचं मला जरा दडपण आलं, कारण आत्याचा मोडीचा वर्ग त्याच्यावर चालतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती दर शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन मोडी शिकवते. अकरा विद्यार्थी आहेत. पुण्या-मुंबईचे, बेळगावचे, आणि दोघी अमेरिकेतल्या, ज्यांच्याकडे तेव्हा सकाळ असते.

मोडी शिकवताना नेट खराब असणं म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात नीट कळलं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वाचणाऱ्याचा सगळा भरवसा अक्षराच्या वळणावर. एखादा पेशवेकालीन कागद स्क्रीनवर दाखवला आणि चित्र धूसर झालं, तर आवाज कितीही स्वच्छ असो, शिकवण्यासारखं काही उरत नाही. आत्याच्या वर्गात तर आवाजही तुटत होता. अर्धा वेळ "आत्या, ऐकू येत नाही", "आत्या, कागद दिसत नाही" यातच जायचा.

लॅपटॉप २०१२ चा. चार जीबी रॅम, विंडोज १०. आदल्या वर्षी जुनी हार्ड डिस्क काढून त्यात एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क, बसवलेली. घर गावभागातलं, जुना वाडा, खालच्या भिंती पावणेदोन फूट जाड. २०१९ च्या महापुरात सोप्यात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. त्यानंतर आतोबांनी इन्व्हर्टर, फ्रीज, टीव्ही असं जे जे विजेवर चालतं ते माडीवर नेलं, त्यात राऊटरही गेला. तो माडीवरच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे, इन्व्हर्टरवर ठेवलेला होता. आत्याचं टेबल मात्र खाली माजघरातच राहिलं, कारण गुडघ्यांमुळे जिना दिवसातून दोनदाच चढायचा असं तिने ठरवलेलं आहे.

तक्रारीवर दोन सल्ले मिळून गेले होते. इंटरनेट देणाऱ्यांनी फोनवर सांगितलं की प्लॅन कमी पडतोय, ५० चा १०० करा. आत्याने केला, फरक शून्य. संगणक दुरुस्तीवाल्याने सांगितलं की लॅपटॉप बदला. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी काहीही मोजलेलं नव्हतं.

आतोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी तेव्हा मला बाजूची वाटली. "तिचा तास सुरू झाला की माडीवर माझा टीव्ही अडकतो. तास संपला की सुरळीत." त्यांच्या मते हा प्लॅन कमी पडत असल्याचा पुरावा होता. मीही मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

आधी मोजणी

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी मी आहे त्या स्थितीतले आकडे लिहून घेते. एकदा बदल करायला सुरुवात झाली की मूळची स्थिती परत मिळत नाही. नेट संथ आहे असं म्हणताना आपण चार-पाच वेगवेगळ्या टप्प्यांना एकच नाव देत असतो. बाहेरून घरात येणारी लाइन, राऊटर, राऊटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवेतली वाट, लॅपटॉपचं वायफाय कार्ड, आणि खुद्द लॅपटॉपची पान उघडण्याची ताकद. स्पीड टेस्ट या सगळ्यांचा मिळून एक आकडा देते. त्यातला वेग नेमका कुठे सांडतोय, हे तिच्यावरून कळत नाही.

म्हणून पहिलं काम, लॅपटॉप माडीवर नेऊन लॅन केबलने थेट राऊटरला जोडला. वेग मिळाला ९४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), जातानाही, म्हणजे अपलोडलाही, तितकाच. लॅपटॉपचं लॅन पोर्ट १०० चं आहे आणि अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही येत नाही. म्हणजे हा आकडा जवळजवळ पूर्ण होता. एका केबलने लाइन, प्लॅन, राऊटर आणि लॅपटॉपचा प्रोसेसर हे चारही संशयित सुटले. नवा लॅपटॉप घ्यायचं कारण तिथेच संपलं होतं. आत्याला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग तास केबल लावून माडीवरच घेऊ का?" गुडघे धरून ती जिना चढण्याच्या गोष्टी करत होती, ते मला पाहवेना.

केबल काढली आणि वायफायवर आले. माजघरात तिच्या टेबलावर माझा फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर २८ एमबीपीएस दाखवत होता. त्याच जागी लॅपटॉपवर येताना १.८ आणि जाताना ०.६. राऊटरला शंभर पिंग, म्हणजे फक्त उत्तर मागणारे छोटे निरोप, पाठवले तर चौदा परतच आले नाहीत, आणि आलेल्यांपैकी काहींना पाऊण सेकंद लागला. व्हिडिओ कॉलला वेग फार लागत नाही, दोन-तीन एमबीपीएसवर बरा चालतो. पण तो अखंड लागतो, आणि जाताना लागतो. शिकवणाऱ्याकडून बाहेर जाणारा ०.६ आणि त्यातलंही माहितीचं सातात एक पाकीट गहाळ, यात मोडीचा कागद धूसर होणारच होता.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली. विंडोजमध्ये वायफायची नाडी बघायला याहून सोपं साधन मला माहीत नाही. कोणत्या चॅनलवर आहे, कोणत्या पिढीचं वायफाय, राऊटरशी किती दराने बोलणं चाललंय आणि सिग्नल किती टक्के, हे सगळं एका पडद्यावर येतं. माजघरात सिग्नल २२ टक्के, दर ६.५. माडीवर राऊटरपासून चार फुटांवर सिग्नल ५६ टक्के, वेग ११. तिथेच फोनवर ४५.

हे सगळं आकडे मांडून वहीच्या पहिल्या पानावर होतं. खरं उत्तरही त्याच पानावर होतं. मी ते पाहिलं आणि पुढे गेले.

दीड दिवस भलतीकडे

पुढे गेले त्याचं कारण सरधोपट होतं. गावभागात घरं एकमेकांना चिकटून आहेत. फोनवर वायफाय ॲनालायझर उघडलं तर माजघरात बसून १७ नेटवर्कं दिसली आणि त्यातली नऊ ६ नंबरच्या चॅनलवर. आत्याचा राऊटरही ‘ऑटो’वर राहून ६ वरच बसलेला, तोही ४० मेगाहर्ट्झची रुंदी अडवून. मला वाटलं, सापडलं.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण दोन चॅनलांमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि एका नेटवर्कला जागा लागते किमान २० ची. त्यामुळे १, ६ आणि ११ हेच काय ते एकमेकांच्या पायात न येणारे. दाट वस्तीत ४० मेगाहर्ट्झची रुंदी ठेवणं म्हणजे अरुंद बोळात बैलगाडी आडवी लावण्यासारखं. आपलीही पुढे जात नाही, दुसऱ्याचीही नाही. मी राऊटर ११ वर आणला, रुंदी २० केली. फोनचा वेग २८ वरून ३६ झाला, लॅपटॉपचा १.८ वरून २.६. मी तो सुधार मानला. खरं तर फोनबरोबर लॅपटॉपचाही वेग थोडा वाढला होता, दोघांमधली दरी जवळपास तशीच होती.

मग नेहमीची कामं. राऊटरवर वायफायच्या पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस या पद्धतीचीच आहे ना ते पाहिलं. राऊटर टीकेआयपी या जुन्या पद्धतीवर असेल तर वायफाय ५४ च्या वर जात नाही, आणि जुन्या घरांत हे अजूनही सापडतं. इथे ठीक होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची जी परवानगी विंडोजला असते, ती काढून घेतली. कार्ड चालवणारा ड्रायव्हर विंडोजने आपणहून घातलेला होता, तो काढून लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा शेवटचा घातला. रिसोर्स मॉनिटरमध्ये मागच्या दाराने कोणी नेट खातंय का ते बघितलं. कशानेही काही झालं नाही. यातलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपला बरं करतं, म्हणूनच हे मन फसवतं. काम केल्याचं समाधान मिळतं आणि आकडा जिथल्या तिथे.

चार फुटांवरचे ५६ टक्के

सोमवारी रात्री वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली आणि माडीवरच्या ओळीवर अडले. राऊटर समोर चार फुटांवर, मध्ये भिंत नाही, आणि सिग्नल ५६ टक्के?

विंडोजचे टक्के सरळ हिशेबाचे असतात. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. उणे ५० डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल म्हणजे १०० टक्के, उणे १०० म्हणजे शून्य. मधलं सगळं सारख्या पायऱ्यांनी, टक्क्याला अर्धा डीबीएम. ५६ टक्के म्हणजे उणे ७२. त्याच खुर्चीवर फोन उणे ३६ दाखवत होता. फरक ३६ डीबीचा. ऐकायला छोटा वाटतो, पण डीबीचं मोजमाप गुणाकाराचं आहे. १० डीबी खाली गेलं की सिग्नलची ताकद दहाव्या हिश्शावर येते, ३६ खाली म्हणजे सुमारे चार हजारावा हिस्सा. लॅपटॉप राऊटरच्या मांडीवर बसून त्याला दोन भिंतींपलीकडून ऐकत होता.

कार्ड जुनं असण्याने असं होत नाही. जुनं कार्ड हळू बोलेल, पण ऐकू त्याला नीटच येईल. लॅपटॉपचा अँटेना झाकणात स्क्रीनच्या कडेला असतो आणि फोनपेक्षा मोकळा असतो. समोरासमोर त्याने फोनच्या बरोबरीने तरी ऐकायला हवं. एवढा फरक पडायला एकच कारण मला सुचलं. अँटेना आणि कार्ड यांची गाठच पडत नसावी.

सकाळी चहा घेताना आत्याला विचारलं, लॅपटॉप कधी उघडला होता का?

"अगं, एसएसडी बसवली तेव्हा उघडलाच असणार की. त्यानंतर केवढा पळायला लागला! नेट मात्र तेव्हापासून..." ती थांबली. उठली, कपाटातून वर्गाची वही आणली. शाळेची सवय. प्रत्येक तासाला तारीख, हजेरी, काय शिकवलं आणि शेवटी शेरा. एसएसडीच्या बिलावर तारीख होती १८ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. वहीत १२ ऑगस्टचा शेरा: "सर्वांनी पत्र पूर्ण वाचले." १९ ऑगस्टचा: "नेट खराब. तास अर्धाच." त्यापुढे पानामागून पान तोच शेरा वेगवेगळ्या शब्दांत.

सव्वा वर्ष तिच्या कपाटात हा पुरावा पडून होता. डिस्क बदलल्याने लॅपटॉप वेगात उघडायला लागला, त्यामुळे त्या दुरुस्तीवर कोणाला शंकाच आली नाही. बिघाड नेटच्या अंगाने दिसला, म्हणून दोष नेटला गेला. मीही पहिल्या दिवशी तिला "कधीपासून?" विचारलं होतं आणि "वर्षभर झालं" या उत्तरावर समाधान मानलं होतं. त्याऐवजी "त्याच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉपचं काय केलं होतं?" असं विचारायला हवं होतं. तो प्रश्न मी आता पहिल्यांदा विचारते.

उघडून पाहिला तेव्हा

चार्जर काढला, बॅटरी काढली, मग पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावले, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला लागतो.

खालचं झाकण निघाल्यावर वायफाय कार्ड लगेच दिसलं, काड्यापेटीपेक्षाही लहान. त्याच्या कडेला दोन सोनेरी वाटोळ्या बैठका, प्रत्येकी ज्वारीच्या दाण्याहून बारीक. दोन्ही रिकाम्या. स्क्रीनकडून बिजागरातून येणारी राखाडी वायर एकच होती. या लॅपटॉपला कंपनीने एकच अँटेना दिलेला आहे. त्या वायरीचं टोक एसएसडीच्या कडेला काळ्या पट्टीखाली दाबून बसवलेलं होतं. डिस्कला जागा करताना वायर काढली असेल, नंतर लावायची राहिली असेल. टोक आणि बैठक यांच्यात जेमतेम दीड इंच.

मग इतके दिवस वायफाय चालत तरी कसं होतं? रिकामी बैठकसुद्धा थोडंफार ऐकते. धातूचा तो ठिपका आणि आजूबाजूच्या बोर्डावरच्या रेषा अगदी अपुरा का होईना, अँटेना बनतात. म्हणून सगळी नेटवर्कं दिसत होती, जोडलीही जात होती. अगदीच बंद पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे परत गेलं असतं.

हे टोक बसवणं नाजूक काम आहे. या जोडाला यू.एफ.एल. म्हणतात आणि तो तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. वायर धरून ओढायचं नाही, तिरकं दाबायचं नाही. ‘मेन’ लिहिलेल्या बैठकीवर टोक बरोबर मध्यावर ठेवलं, बोटाने चाचपून ते हलत नाही हे पाहिलं आणि अंगठ्याच्या नखाने सरळ खाली दाबलं. टिक असा बारीक आवाज आला. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिलाही तो ऐकू आला.

झाकण लावून माडीवर गेले. सिग्नल १०० टक्के, दर ७२, वेग ४४. खाली माजघरात सिग्नल ८०, येताना ३१, जाताना २७. शंभर पिंगपैकी शंभर परत, बहुतेक तीन-चार मिलिसेकंदात.

आतोबांच्या टीव्हीचं कोडंही तिथेच सुटलं. वायफायवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीचे थांबतात. कमकुवत सिग्नलवालं उपकरण पाकीट पोचावं म्हणून अगदी सावकाश बोलतं आणि न पोचलेलं पुन्हा पुन्हा पाठवतं. गावातल्या नळावर एखादा जण वाटीवाटीने घागर भरायला बसला, तर पाणी भरपूर असूनही मागची रांग खोळंबते. आत्याचा लॅपटॉप ६.५ च्या दराने कागदांचे स्कॅन वर ढकलत होता आणि माडीवरचा टीव्ही रांगेत उभा होता. प्लॅन दुप्पट केल्याने नळाला पाणी वाढलं, वाटी तीच राहिली. आतोबांनी पहिल्याच दिवशी दिलेली ही खूण मी बाजूला टाकायला नको होती. एका उपकरणामुळे बाकीच्यांचं नेट अडत असेल, तर संशय आधी त्या उपकरणाच्या सिग्नलवर घ्यावा.

कार्ड का बदललं नाही

आता ७२ हा आकडा. या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येत नाही. वायफायची २००९ ची पिढी, ज्याला आता वायफाय ४ म्हणतात, त्यातही एकच प्रवाह, म्हणजे एका वेळी एकाच अँटेनातून बोलणारं. २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत एका प्रवाहाची कमाल ७२ एमबीपीएस, आणि कागदावरच्या दराच्या साधारण साठ टक्के हाती पडतात. म्हणजे ४४-४५ हा या लॅपटॉपचा माथा आहे. घरात १०० चा प्लॅन असो की ५०० चा, वायफायवर त्याच्या पलीकडे तो जाणार नाही.

दोन प्रवाहांचं नवं कार्ड घालावं, असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. इथे वायर एकच, म्हणजे दुसरा प्रवाह बिनअँटेनाचाच राहिला असता. शिवाय त्या काळातले काही लॅपटॉप बायॉसमधल्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) यादीत नसलेलं कार्ड घातलं तर चालूच होत नाहीत. माझ्या बॅगेत ५ गिगाहर्ट्झचा यूएसबी अडॅप्टर होता, तो लावून पाहिला. माडीवर ९० च्या पुढे गेला आणि मला मोह झाला. माजघरात आणला तर सिग्नल उणे ८२ आणि वेग १४. पावणेदोन फुटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ आरपार जाताना दमतं. तिथे जुनं २.४ त्याच्या दुप्पट काम करत होतं. अडॅप्टर परत बॅगेत गेला.

शनिवारचा तास

९ नोव्हेंबरच्या तासाला मी मुद्दाम थांबले. आवाज पहिल्यापासून स्वच्छ होता. पण आत्याने नवा कागद उघडला की दोन-तीन सेकंद चित्र गोठायचं, मग सुटायचं. प्रत्येक नव्या कागदाला हेच. त्याच क्षणी तिचा बिनवायरचा माऊसही अडखळायचा, हे माझ्या लक्षात आलं नसतं, पण ती दर वेळी माऊस टेबलावर आपटत होती.

माऊस आणि वायफाय एकाच वेळी अडतात, म्हणजे अडवणारं दोघांच्या सामाईक पट्ट्यातलं, २.४ गिगाहर्ट्झचं. तिचे स्कॅन एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतात. ती निळ्या यूएसबी ३ पोर्टला जोडलेली होती आणि ठेवलेली होती स्क्रीनला टेकून, म्हणजे अँटेनाच्या बरोबर मागे. यूएसबी ३ मधून माहिती वाहू लागली की नेमका २.४ च्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. कागद उघडताना डिस्क वाचायची, वाचताना गोंगाट व्हायचा, आणि तेवढा वेळ माऊस आणि वायफाय दोन्ही बहिरे.

मध्यंतरात डिस्क उजवीकडच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. उरलेल्या तासात एकदाही चित्र गोठलं नाही. तास संपल्यावर शिकवायचे सगळे स्कॅन लॅपटॉपच्या आतच उतरवून ठेवले, म्हणजे तासाला डिस्क लावायचीच गरज नाही. वायर निघालेली असताना हा दोषही तिथेच होता. मोठ्या बिघाडाखाली तो झाकला गेला होता.

रविवारी राऊटर लोखंडी कपाटामागून काढून जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर लावला. माजघरातला सिग्नल उणे ६० वरून उणे ५३ वर आला, वेग ३८. आतोबांनी प्लॅन पुन्हा ५० चा केला.

वर्ष उलटल्यावर

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ या लॅपटॉपला चालत नाही. ज्या लॅपटॉपवरून अकरा जणांशी दर आठवड्याला संपर्क येतो तो तसाच ठेवणं मला पटेना. २०२५ च्या दिवाळीत विंडोज काढून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय कार्ड ओळखतं का ते पाहिलं, ओळखलं, सिग्नल उणे ५४. चार जीबी रॅमवर तास चालतो. एकाच वेळी वीस टॅब उघडे ठेवायची सवय मात्र आत्याला सोडावी लागली.

वर्गाच्या वहीत १६ नोव्हेंबर २०२४ नंतर नेटचा शेरा तीनदा आलाय. दोनदा वीज गेली होती, एकदा गल्लीत खोदकामात केबल तुटली होती.

लॅपटॉपच्या बुडाला आत्याने एक कागद चिकटवलाय. तिच्या वळणदार अक्षरात, देवनागरीत, कारण तो दुरुस्तीवाल्याने वाचायचाय: "झाकण उघडल्यास राखाडी वायर ‘मेन’वर परत बसवावी. टिक आवाज आला पाहिजे."